जुन्या गुन्ह्याची वसुली नव्या खटल्यातून नको

१३ सप्टेंबर २००७ च्या रात्री लास व्हेगासमधल्या पॅलेस स्टेशन हॉटेलच्या एका खोलीत काही माणसं घुसली. आत खेळाडूंच्या सह्या असलेल्या वस्तू, जुने चेंडू, छायाचित्रं यांचा व्यापार करणारे दोघे जण होते. घुसलेल्यांपैकी दोघांकडे पिस्तुलं होती. ‘या खोलीतून कुणालाही बाहेर जाऊ देऊ नका’ असं त्यांचा म्होरक्या ओरडत होता आणि खोलीत आधीच लपवून ठेवलेल्या रेकॉर्डरवर त्याचा शब्द न् शब्द टिपला जात होता. तो म्होरक्या होता अमेरिकन फुटबॉलचा एकेकाळचा तारा ओ. जे. सिम्पसन. या वस्तू माझ्याच आहेत, माझ्याकडून चोरलेल्या आहेत आणि त्या परत न्यायला मी आलो होतो, असं त्याचं म्हणणं. तीन दिवसांनी त्याला अटक झाली. सशस्त्र दरोडा, अपहरण, कट अशी कलमं लागली.

या अटकेवर अमेरिकेत जी प्रतिक्रिया उमटली तिच्यात धक्का कमी आणि समाधान जास्त होतं. एकदाचा सापडला! खोलीत नेमकं काय झालं, वस्तू खरोखर कुणाच्या होत्या, पिस्तुलं आणा असं कुणी सांगितलं होतं, हे विचारायच्या आधीच बहुतेकांच्या मनात निकाल लागलेला होता आणि त्या निकालाचा या खोलीशी संबंधच नव्हता. त्याचा संबंध होता १२ जून १९९४ च्या रात्रीशी, लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड भागात झालेल्या निकोल ब्राऊन सिम्पसन आणि रॉन गोल्डमन यांच्या खुनांशी. निकोल ही सिम्पसनची घटस्फोटित पत्नी. त्या खटल्यात ३ ऑक्टोबर १९९५ ला ज्युरीने सिम्पसनला निर्दोष सोडलं होतं आणि असंख्य लोकांना तो निकाल कधीच पचला नव्हता. आता निदान दरोड्यासाठी तरी तो आत जाईल, म्हणजे कुठेतरी हिशोब चुकता होईल, असं लोक उघड बोलत होते.

ही भावना मला समजते. १९९५ च्या फौजदारी निकालापेक्षा १९९७ मधल्या दिवाणी ज्युरीचं मत मलाही जास्त पटतं. त्या ज्युरीने दोन्ही मृत्यूंची जबाबदारी सिम्पसनवर टाकली आणि मृतांच्या कुटुंबांना एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलर द्यायला सांगितले. तरीही मला वाटतं की बदनाम माणसावर नवा आरोप आला की त्या आरोपावर जुन्या हिशोबाचं ओझं टाकायची आपली सवय वाईट आहे. बदनाम माणसाची दया येते म्हणून मी हे म्हणत नाही. या सवयीची किंमत त्याच्यापेक्षा इतरांनाच जास्त मोजावी लागते, हे वारंवार दिसलं आहे, म्हणून म्हणतो.

लास व्हेगासच्या खटल्यात न्यायाधीश जॅकी ग्लास यांना हा धोका पहिल्या दिवसापासून दिसत होता. ज्युरी निवडण्यापूर्वी शेकडो लोकांकडून लांबलचक प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. १९९५ च्या निकालाची शिक्षा द्यायची म्हणून तुम्ही इथे येणार असाल तर हा खटला तुमच्यासाठी नाही, असं ग्लास यांनी इच्छुकांना बजावलं. एवढं करूनही, १९९५ चा निकाल चुकला होता असं प्रश्नावलीत लिहिलेली काही माणसं शेवटी ज्युरीत बसलीच. यात दोष कुणाचा? त्या खटल्याबद्दल ज्याला काहीच मत नाही असा प्रौढ माणूस अमेरिकेत शोधायचा तरी कुठे?

३ ऑक्टोबर २००८ ला निकाल लागला. सगळ्या बाराच्या बारा आरोपांत दोषी. पहिल्या सुटकेला त्या दिवशी बरोबर १३ वर्षं होत होती आणि तारखेचा हा योगायोग पुढचे कित्येक दिवस मथळ्यांत मिरवत राहिला. डिसेंबरमध्ये शिक्षा झाली ती जास्तीत जास्त ३३ वर्षांची, त्यातल्या पहिल्या ९ वर्षांत पॅरोल नाही. शिक्षा सुनावताना ग्लास यांनी पुन्हा स्पष्ट केलं, की दुसऱ्या कशाचीही परतफेड करायला मी इथे बसलेले नाही. रॉन गोल्डमनचे वडील तेव्हा न्यायालयात बसलेले होते.

ही शिक्षा वाजवी होती की सूड होता? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. रेकॉर्डिंग खरं होतं, पिस्तुलं खरी होती, लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या कायद्यात शस्त्र दाखवून केलेल्या दरोड्याला आणि अपहरणाला कडक शिक्षा आहे. दुसरीकडे, त्याच खोलीत शिरलेल्या चौघांनी गुन्हा कबूल करून सरकार पक्षाच्या बाजूने साक्ष दिली आणि ते तुरुंगात न जाता सुटले. अशी देवाणघेवाण अमेरिकी न्यायालयांत रोज होते, त्यामुळे तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण खरा तोटा इथेच आहे. हा निकाल दरोड्याचा होता की खुनाचा, हे आता कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. सिम्पसनच्या बाजूने बोलणाऱ्यांना ‘हा सूडच होता’ असं म्हणायला कायमची जागा मिळाली, आणि ती जागा त्यांना टाळ्या वाजवणाऱ्यांनीच करून दिली. निकाल योग्य असेल तर त्याला लोकांच्या जल्लोषाची गरज नव्हती. जल्लोषाने तो उलट डागाळला.

या प्रकरणातल्या ज्या माणसाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही, तो म्हणजे सिम्पसनच्या शेजारी आरोपी म्हणून बसलेला त्याचा एक मित्र. सहा आरोपींपैकी चौघे माफीचे साक्षीदार झाल्यावर खटला उरला तो या दोघांवर. मित्राच्या वकिलांनी परोपरीने विनवलं, की आमच्या अशिलाचा खटला वेगळा चालवा, या माणसाच्या शेजारी बसवून त्याला न्याय मिळणार नाही. ते मान्य झालं नाही. मित्रही दोषी ठरला आणि किमान साडेसात वर्षं आत राहावं लागेल अशी शिक्षा त्याला झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निर्णय दिले. सिम्पसनची शिक्षा कायम ठेवली आणि मित्राची रद्द केली. सिम्पसनच्या कुप्रसिद्धीची झळ शेजारच्या आरोपीला लागली, त्याचा खटला स्वतंत्र चालायला हवा होता, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे २०११ च्या सुरुवातीला समझोता होऊन तो बाहेर आला. तोवर दोन वर्षांहून अधिक काळ त्याने तुरुंगात काढला होता.

सुक्याबरोबर ओलंही जळतं असं आपण सहज म्हणून जातो, इथे ते एका राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकृतपणे नोंदवलं. हा मित्र काही साधुसंत नव्हता, त्या रात्री खोलीत तोही होता. पण त्याच्या हातून जे घडलं तेवढ्यापुरता त्याचा निवाडा व्हायला हवा होता आणि देशभर उसळलेल्या जुन्या रागाने तेवढंही त्याला मिळू दिलं नाही. ‘एकदाचा सापडला’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना या माणसाचं नाव तरी ठाऊक असेल?

आता थोडं मागे जाऊ, कारण २००७ चा हा उन्माद आकाशातून पडलेला नव्हता. एका खटल्याचं देणं दुसऱ्यातून वसूल करायचा प्रकार १९९५ मध्येही झाला होता, फक्त तेव्हा त्याचा फायदा सिम्पसनला झाला.

३ मार्च १९९१ ला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यात अमानुष मारहाण केली. एका रहिवाशाने आपल्या बाल्कनीतून त्याचं चित्रण केलं. साऱ्या जगाने ते पाहिलं. तरीही २९ एप्रिल १९९२ ला, जिच्यात एकही कृष्णवर्णीय नव्हता अशा ज्युरीने त्या पोलिसांना जवळजवळ सगळ्या आरोपांतून मुक्त केलं. शहर पेटलं, ५० हून अधिक माणसं मेली. या जखमेला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा त्याच शहरात, त्याच पोलिसांनी तपास केलेला सिम्पसनचा खटला उभा राहिला. महत्त्वाचा पुरावा हाती लागल्याचं सांगणारा पोलीस अधिकारी मार्क फर्मन. आपण गेल्या दहा वर्षांत कृष्णवर्णीयांबद्दलचा तो अश्लाघ्य शब्द वापरलेला नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं आणि मग तोच शब्द पुन:पुन्हा उच्चारणारा त्याचा आवाज ध्वनिफितीवर सापडला. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल पुढे त्याला शिक्षाही झाली. अशा पोलिसांवर अविश्वास दाखवणं ज्युरीला भाग होतं, एवढं तर उघडच आहे.

पण निकालानंतर रस्त्यांवर जो आनंद दिसला, तो केवळ वाजवी शंकेचा फायदा मिळाला म्हणून झालेला नव्हता. अनेक कृष्णवर्णीयांना तो रॉडनी किंगच्या, आणि त्याआधीच्या शेकडो अनाम माणसांच्या वतीने मिळालेला न्याय वाटला. त्या ज्युरीतल्या एका स्त्रीने वीस वर्षांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की बहुतेक ज्युरींच्या मनात किंगची परतफेड होतीच. ज्युरीतल्या इतरांनी ते नाकारलं आहे, त्यामुळे खरं काय ते त्या बंद खोलीलाच माहीत. मात्र बाहेर जमलेल्या लोकांच्या मनात काय होतं याबद्दल शंका नाही. त्यांचा राग शंभर टक्के खरा होता. फक्त त्या रागाची भरपाई जिच्या खुनाच्या खटल्यातून झाली, तिचा रॉडनी किंगला झालेल्या मारहाणीशी काही संबंध नव्हता.

म्हणजे किंगला न मिळालेला न्याय लोकांनी सिम्पसनच्या सुटकेत पाहिला आणि निकोल व रॉन यांना न मिळालेला न्याय दुसऱ्या लोकांनी लास व्हेगासमध्ये शोधला. दोन्ही वेळा समाधान झालं ते बघ्यांचं. किंगला मारणाऱ्या पोलीस खात्यात सिम्पसनच्या सुटकेने काही सुधारणा झाली नाही, आणि निकोलच्या खुनाचं कोडं एका हॉटेलातल्या दरोड्याने सुटलं नाही.

आपला राग कुठे वळायला हवा होता हे मला विचाराल तर मी १९८९ च्या १ जानेवारीकडे बोट दाखवीन. त्या पहाटे निकोलच्या फोनवरून पोलीस सिम्पसनच्या घरी पोचले. ती झुडपांतून धावत बाहेर आली, तोंडावर माराच्या खुणा होत्या, तो मला मारून टाकील असं ती म्हणत होती. तिने पोलिसांना आणखी एक गोष्ट ऐकवली, जी पुढे त्या पोलिसाने न्यायालयात साक्षीत सांगितली: तुम्ही इथे आठ वेळा आलात, त्याच्याशी बोलता आणि निघून जाता, त्याचं काही करत नाही. या वेळी निदान खटला झाला. सिम्पसनने आरोप नाकारला नाही. पत्नीला मारहाण केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, पण ती कसली? परिवीक्षेचा काळ, थोडा दंड, समाजसेवेचे काही तास आणि समुपदेशन, तेही त्याला फोनवरून घ्यायची मुभा मिळाली. भाड्याच्या गाड्यांच्या ज्या जाहिरातींमुळे तो घराघरांत पोचला होता ते काम टिकलं. एका मोठ्या दूरचित्रवाहिनीवर त्याचं समालोचनही सुरू झालं.

बातमी छापून आली होती. लोकांनी ती वाचली आणि सोडून दिली. हा १९७३ च्या मोसमात चेंडू घेऊन धावत दोन हजार यार्डांचा पल्ला ओलांडणारा पहिला फुटबॉलपटू होता, हसरा, देखणा, कुणाशीही प्रेमाने बोलणारा. त्याच्या घरातला हा ‘खासगी मामला’ होता. २५ ऑक्टोबर १९९३ ला, घटस्फोटानंतर, निकोलने पुन्हा आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. त्याने दार तोडलं होतं आणि तो आत ओरडत होता. फोनवरच्या बाईला परिस्थिती समजावून सांगणारा निकोलचा थकलेला, रडवेला आवाज आणि मागे त्याचा आरडाओरडा, हे दोन्ही त्या ध्वनिमुद्रणात एकत्र आहेत. पुढे साऱ्या देशाने ते ऐकलं, पण ती मेल्यानंतर. त्या फोननंतर आठ महिन्यांच्या आत ती मेली.

लाडक्या माणसाचा गुन्हा लोकांनी हलका करून घेतला आणि तोच माणूस नावडता झाल्यावर त्याचा दुसरा गुन्हा जड करून घेतला. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. दोन्ही वेळा लोक कृत्याकडे पाहत नव्हते, चेहऱ्याकडे पाहत होते. १९८९ मध्ये निकोलच्या सुजलेल्या तोंडाकडे जितकं कमी पाहिलं गेलं, तितकंच कमी २००७ मध्ये त्या हॉटेलच्या खोलीकडे पाहिलं गेलं.

कायद्याला ही माणसाची खोड फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८९८ च्या नाताळात न्यू यॉर्कच्या निकरबॉकर अॅथलेटिक क्लबच्या एका अधिकाऱ्याला टपालाने निनावी भेट आली. तिच्यात डोकेदुखीवरच्या औषधाची बाटली होती. ज्या घरात तो राहत होता तिथल्या एका बाईचं डोकं दुखू लागलं, तिने ते औषध घेतलं आणि ती गेली. औषधात सायनाइड होतं. संशय आला रोलंड मॉलिन्यू या एका नामांकित सेनानीच्या मुलावर. त्याच क्लबमधला आणखी एक जण काही आठवड्यांपूर्वी अशाच रीतीने मेला होता, आणि तोही मॉलिन्यूनेच मारला असा सरकार पक्षाचा दावा होता. त्या दुसऱ्या मृत्यूचा खटला त्याच्यावर भरलेला नव्हता, पण त्याची सगळी हकीकत ज्युरीपुढे मांडली गेली. वर्तमानपत्रं रोज रकानेच्या रकाने भरत होती. मॉलिन्यूला मृत्युदंड झाला. १९०१ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. ज्याचा आरोपच ठेवलेला नाही अशा गुन्ह्याची कहाणी सांगून ‘हा माणूसच असा आहे’ हे ज्युरीच्या मनावर ठसवता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. नव्याने खटला चालला आणि मॉलिन्यू सुटला.

तो गुन्हेगार असू शकतो, अगदी शक्य आहे. तरीही तो नियम टिकला, कारण उलट नियम असला तर एकदा नाव खराब झालेल्या कुठल्याही माणसाला कशातही अडकवायला पुराव्याची गरजच उरणार नाही.

याच नियमाने १२३ वर्षांनी हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याचा खटला उलटवला. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यू यॉर्कच्या ज्युरीने त्याला दोषी ठरवलं होतं आणि २३ वर्षांची शिक्षा झाली होती. ज्यांच्यावरच्या अत्याचाराचा आरोप त्या खटल्यात नव्हताच, अशा तीन स्त्रियांच्याही साक्षी तिथे झाल्या होत्या. एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा मतांनी निकाल रद्द केला. लोक खवळले आणि त्यांचं खवळणं साहजिक होतं. विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीश मॅडलिन सिंगस यांनी बहुमतावर घणाघाती टीका केली. लैंगिक अत्याचार बंद दाराआड होतात, साक्षीदार नसतात, तेव्हा अत्याचाऱ्याची रीत दाखवणाऱ्या दुसऱ्या स्त्रियांना ऐकलंच नाही तर सराईत माणूस कायम सुटत राहील, हा त्या बाजूचा मुद्दा. मला तो गंभीर वाटतो. अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयांत लैंगिक गुन्ह्यांपुरती तशी सवलत १९९४ मध्येच कायद्याने दिलेली आहे, तेव्हा हा मुद्दा अनाठायी नाही.

पण पुढे काय झालं तेही पाहायला हवं. २०२५ मध्ये खटला पुन्हा चालला. ज्या स्त्रिया एकदा भर न्यायालयात, उलटतपासणी सोसत, आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र सांगून बसल्या होत्या, त्यांना तेच सगळं पुन्हा सांगावं लागलं. जूनमध्ये ज्युरीने एका आरोपात दोषी ठरवलं, एकात निर्दोष सोडलं आणि तिसऱ्या आरोपावर निर्णयच होऊ शकला नाही. त्या तिसऱ्या आरोपातल्या स्त्रीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. २०२० मध्ये तिला न्याय मिळाला होता, २०२५ मध्ये तो तिच्या हातातून गेला. तो काढून घेणारे नियम पाळा म्हणणारे होते, की पहिल्या वेळी आरोपपत्राबाहेरचं सगळं खटल्यात ओतणारे होते? माझ्या मते, आरोपपत्राबाहेरचं ओतणारेच. आरोपपत्रात जेवढं आहे तेवढंच, पण इतकं पक्कं सिद्ध करा की ते अपिलात हलणार नाही. पीडितांवर याहून मोठा उपकार सरकार पक्ष करू शकत नाही.

‘शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याला नाही का कर बुडवण्याच्या गुन्ह्यात धरलं?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. धरलं, १९३१ मध्ये, आणि ११ वर्षांची शिक्षा झाली. कपोनने कर खरोखर बुडवला होता, हिशोबाच्या वह्या सापडल्या होत्या. मोठ्या गुन्ह्याचा पुरावा मिळत नसताना छोट्याचा मिळाला तर खटला जरूर भरावा. पण छोट्या गुन्ह्यासाठी मोठ्याचं माप लावू नये आणि मोठा गुन्हा सुटला असंही समजू नये. शिकागोत कपोनच्या माणसांनी मारलेल्यांच्या घरच्यांना आयकर खात्याच्या विजयाने काय मिळालं, हे कुणी विचारल्याचं मला तरी वाचनात आलेलं नाही.

माझ्या म्हणण्याला खरा जाब विचारणारं उदाहरण वेगळं आहे, आर. केली या गायकाचं. जून २००८ मध्ये शिकागोत तो बाललैंगिक चित्रणाच्या १४ आरोपांतून निर्दोष सुटला. गाणी विकली जात राहिली, मैफली भरत राहिल्या. काही स्त्रियांनी, त्यातही कृष्णवर्णीय स्त्रियांनी, ते मान्य केलं नाही. २०१७ मध्ये त्याच्यावर बहिष्काराची मोहीम सुरू झाली, २०१९ च्या सुरुवातीला पीडितांच्या मुलाखतींची मालिका दूरचित्रवाणीवर आली, त्याच वर्षी नवे गुन्हे दाखल झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रुकलिनमध्ये तो दोषी ठरला, ३० वर्षांची शिक्षा झाली. त्या लोकांनी ‘न्यायालयाने सोडलं, विषय संपला’ असं मानलं असतं तर हे घडलं नसतं.

मग लोकांची स्मरणशक्ती वाईट कशी म्हणायची? मी म्हणतच नाही. या स्त्रियांनी जुना राग नव्या, असंबद्ध आरोपावर काढला नाही. त्या त्याच गुन्ह्याच्या मागे लागल्या, ज्या मुलींचं कुणी ऐकत नव्हतं त्यांना बोलायला जागा दिली, तपास यंत्रणेला पुन्हा फाइल उघडायला लावली. हे काम चिवट आणि निरस असतं, त्यात जल्लोषाचा क्षण वर्षानुवर्षं येत नाही. २०२२ मध्ये शिकागोच्या दुसऱ्या खटल्यात तर, २००८ च्या खटल्यात ढवळाढवळ केल्याच्या आरोपातून ज्युरीने केलीला मुक्त केलं, पण इतर काही आरोपांत दोषी ठरवलं. एकेक आरोप वेगळा तोलला गेला. केलीबद्दल कुणाला कणव होती म्हणून नव्हे, ज्युरीने आपलं काम केलं म्हणून. अशा शिक्षेला कुणी सूड म्हणायला गेलं तर त्याच्या हाती काही लागत नाही.

गोल्डमन कुटुंबाचा मार्गही असाच चिवट होता. फौजदारी दार बंद झाल्यावर ते दिवाणी न्यायालयात गेले, जिंकले. मग सिम्पसन फ्लोरिडाला राहायला गेला, फुटबॉल लीगचं निवृत्तिवेतन कायद्याने सुरक्षित असल्यामुळे वसुलीतून वाचलं आणि निकालातल्या रकमेचा अगदी थोडा भाग कुटुंबाच्या हाती आला. तरी ते मागे लागून राहिले. ‘मी खून केले असते तर कसे केले असते’ अशा आशयाचं एक किळसवाणं पुस्तक सिम्पसनच्या नावाने निघणार होतं, त्याचे हक्कसुद्धा २००७ मध्ये न्यायालयातून त्यांनीच मिळवले. त्या वाटेवर टाळ्या वाजवणारं फारसं कुणी नव्हतं.

२० जुलै २०१७ ला नेवाडाच्या पॅरोल मंडळापुढे सिम्पसनची सुनावणी झाली. सगळ्या मोठ्या वाहिन्यांनी ती थेट दाखवली. मंडळाकडे बाजूने आणि विरोधात शेकडो पत्रं आली होती. विरोधातल्या पत्रांत १९९५ ची सुटका आणि १९९७ चा दिवाणी निकाल विचारात घ्या अशी मागणी होती आणि त्या गोष्टी आम्ही विचारात घेणार नाही, असं मंडळाने सुरुवातीलाच जाहीर केलं. ते योग्यच होतं. बोलता बोलता सिम्पसन म्हणाला, की मी जवळपास संघर्षमुक्त आयुष्य जगलो आहे. याआधी कुठलीही शिक्षा झालेली नाही, असं त्याच्याबद्दल मंडळाकडूनही बोललं गेलं. चारही सदस्यांनी सुटकेच्या बाजूने मत दिलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला तो बाहेर आला.

१९८९ ची, निकोलला मारल्याबद्दलची शिक्षा मंडळापुढच्या नोंदींत नव्हतीच, हे नंतर बातम्यांतून उघड झालं. न्यायालयाने दिलेली, त्याने न नाकारलेली, तिच्या बाजूने झालेली ती एकमेव फौजदारी शिक्षा. ती विचारात घेतली असती तरी निर्णय बदलला नसता, असं मंडळाचं म्हणणं, आणि तसं असेलही. पण जे सिद्ध झालं नव्हतं ते विचारात घ्या म्हणून शेकडो लोक पत्रं लिहीत असताना, जे सिद्ध झालं होतं ते फाइलमध्ये आहे की नाही हे कुणी पाहिलं नव्हतं.